दीप्तीच्या मुलाखतीचा फळा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही पांढरा म्हणणार नाही. पांढरा मी कधीकाळी होतो. आता माझ्या अंगावर जुन्या समीकरणांचे करडे डाग आहेत, एका बाजूला पोचा आला आहे आणि चौकटीचा एक स्क्रू कुठे पडला ते मलाही ठाऊक नाही. मार्करने लिहायचा मी एक जुना फळा. आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. मोठमोठी सूत्रं अंगावर वागवली म्हणून कोणी शूर होत नाही.

नागपूरजवळच्या हिंगण्यात, एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पत्रा कापला, त्यावर गुळगुळीत लेप चढवला, चौकट बसवली. मग एक तपासणीस आला. त्याने माझ्यावर एक रेघ ओढली आणि शेजारच्याला म्हणाला, "पुसली नाही गेली तर याले भंगारात टाक." रेघ पुसली गेली. पण त्या दोन क्षणांत जी भीती शिरली, ती कायमची मुक्कामाला राहिली.

पुढची नऊ वर्षं मी रामदासपेठेतल्या एका क्लासच्या भिंतीवर होतो. तिथे मुकुंद सर शिकवायचे. पूर्वी ते वीज केंद्रात इंजिनियर होते. सरांचं माझ्यावर प्रेम होतं. "असा गुळगुळीत फळा नागपुरात सापडायचा नाही," असं ते म्हणायचे आणि मी भिंतीवरच्या भिंतीवर फुलून यायचो. किती मुलं माझ्यापुढे उभी राहिली याची गणती नाही. त्यांचे चेहरे मला कधी नीट दिसले नाहीत, कारण ती माझ्याशी नाकाला नाक लावून उभी असत. मी त्यांना हातावरून ओळखायचो. ज्याला उत्तर येतं त्याचा मार्कर हलका चालतो, ओळ लांब जाते. ज्याला येत नाही आणि तरी लिहितो, तो मार्कर दाबतो, अक्षर बारीक काढतो आणि खांदा मध्ये घालून ते झाकतो.

मग क्लासमध्ये मोठा पडदा आला. मला खाली उतरवून मोरीपाशी टेकवून ठेवलं. माझ्या अंगावर ओले पोछे वाळत घातले जाऊ लागले. एकदा एका पठ्ठ्याने न पुसल्या जाणाऱ्या शाईने माझ्यावर चित्र काढलं आणि ते घालवायला थिनर ओतून खसाखसा घासलं. लेप गेला तो तेव्हाच. एक दिवस भंगारवाला आला आणि त्याने मला टकटक वाजवून पाहिलं. मित्रांनो, ती टकटक मला अजून ऐकू येते.

त्या दिवशी मुकुंद सर आडवे आले म्हणून वाचलो. "हा राहू दे. याच्यावर एका मुलीची तयारी व्हायची आहे," ते म्हणाले आणि मला ऑटोत आडवा घालून हिंगणा रोडवरच्या एका दोन खोल्यांच्या घरी घेऊन गेले.

ती मुलगी म्हणजे दीप्ती. मेकॅनिकल इंजिनियर. तिला अणुऊर्जेच्या सरकारी संस्थेत जायचं होतं. लेखी परीक्षा तिने दोनदा पार केली होती, पण गेल्या वर्षी मुलाखतीत नापास झाली होती. ही मुलाखत म्हणजे नाव-गाव विचारून चहा पाजण्याचा प्रकार नव्हे. पाच जाणती माणसं समोर बसतात, तुम्हाला फळ्याशी उभं करतात आणि तासभर खोल खोल विचारत जातात. यंदाची मुलाखत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होती. पुढच्या वर्षी तिचं वय अर्जाच्या अटीत बसणार नव्हतं. म्हणजे हीच शेवटची.

तिने पहिल्यांदा माझ्यावर अणुभट्टीचं चित्र काढलं तेव्हाच मी ओळखलं, पोरगी हुशार आहे. मध्ये इंधनाच्या नळ्या, भोवती पाणी, भट्टी थांबवायला वरून आत सरकणारे कंट्रोल रॉड, बाजूला पंप. रेघा लांब आणि हलक्या. मी निश्चिंत झालो. पण ते सुख रविवारपर्यंतच टिकलं.

रविवारी सकाळी मुकुंद सर सरावासाठी खोटी मुलाखत घ्यायला आले. कूलर घरघरत होता. दाराशी दीप्तीचे वडील देवाजी बसले होते. ते हिंगण्याच्या एका कारखान्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर कामाला होते. आई सिंधूताई ओट्याशी भाजी चिरत होत्या, पण सुरीचा आवाज केव्हाच थांबला होता.

"अणुभट्टी बंद केली. अणू फुटण्याची साखळी थांबली," सर म्हणाले. "आता पाणी फिरवणारा पंप बंद करू का?"

"नाही सर. भट्टी बंद झाली तरी इंधन तापतच राहतं. सुरुवातीला चालू भट्टीच्या साधारण सहा-सात टक्के उष्णता असते. मग ती कमी होत जाते." तिने झरझर खाली उतरणारी वक्ररेषा काढली.

"छान. एका दिवसानंतर किती?"

मार्कर थांबला. मग माझ्या कडेला, अगदी बारीक, तिने आकडा लिहिला. दोन टक्के. मार्करचं टोक माझ्यात रुतलं.

"एका आठवड्यानंतर?"

"दीड, सर."

"महिन्यानंतर?"

"एक पूर्णांक... एक पूर्णांक दोन."

तिचा खांदा आडवा आला होता.  ही खूण माझ्या ओळखीची होती. सर उठले आणि त्यांनी ते तिन्ही आकडे पुसले.

"दीप्ती, हे तू आत्ता बनवलेस. गेल्या वर्षीही असंच झालं ना?"

ती मार्करला टोपण लावू लागली. गेल्या वर्षी चाळीस मिनिटं तिने असे आकडे बनवले होते, हे मला नंतर कळलं.

"अगं, माहीत नाही म्हण. ते लोक तुला तुझ्या माहितीच्या काठावर नेणारच. तिथे पोचल्यावर तू काय करतेस, हेच त्यांना पाहायचं असतं. अशा ठिकाणी आकडा बनवणाऱ्या माणसाची त्यांना धास्ती वाटते. मलाही वाटते."

दीप्तीने तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही.

तेवढ्यात देवाजी दारातून म्हणाले, "आमच्या घरात येत नाही असं म्हनत नाही, सर. म्याच शिकवलं तिले. लहानपनापासून." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "लोक थेच आयकाले बसले रायतात जी. आपली पोरगी येत नाही म्हने का झालं, थे म्हनाले मोकळे, का या लोकायचं असंच रायते. म्हनून म्या सांगतलं, काही बी झालं तरी येत नाही म्हनाचं नाही."

 त्या नियमाच्या जोरावर ही पोर शाळेत पहिली आली होती, कॉलेजात पहिली आली होती. शिक्षकांनी विचारायच्या आत तिने उत्तर शोधून ठेवायचं, हेच तिला ठाऊक होतं. ज्या दोरीला धरून ती वर आली होती, तीच आता तिच्या गळ्याशी आली होती. मला फार भीती वाटली. सर चिडतील आणि निघून जातील असं वाटलं.

सर चिडले नाहीत. त्यांनी खुर्ची देवाजींकडे वळवली. "देवाजीभाऊ, तुमच्या भट्टीची वीज गेली तर पाणी बंद करता का तुम्ही?"

"काय गोष्ट करता सर!" देवाजी उभेच राहिले. "लाईन गेली तरी पानी चालूच ठेवा लागते. आतमधलं लोखंड का लगेच थंडं होते? आमच्या पाळीतल्या चंद्रभाननं केलं व्हतं एक डाव बंद. त्याले वाटलं, झालं असन थंडं. भट्टीभोवतालची पान्याची कॉईल फुटली, पानी लोखंडात गेलं अन् भडका उडाला. त्याचा हात पाहा जाऊन."

"मग किती वेळ चालू ठेवायचं पाणी?"

"थे मले नाही मालूम," देवाजी म्हणाले. "मी मीटर पाहतो. मीटर बंद असन तर इंजिनियरले बोलावतो. अंदाज कायले करू? अंदाजानं मानूस मरते ना जी!"

बोलून झालं आणि ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनी जरा उशिरा ऐकलं असावं. दीप्ती वळून त्यांच्याकडे पाहत होती. देवाजींनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मटकन खाली बसले. "बापा रे," एवढंच म्हणाले. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक अजब शिकवणी सुरू झाली. देवाजी पहिल्या पाळीवरून साडेतीनला यायचे, हातपाय धुवायचे आणि दीप्तीच्या वहीतला कुठला तरी प्रश्न अडखळत वाचायचे. उत्तर आलं तर पुढचा. अडली की म्हणायचे, "म्हन. येत नाही म्हन."

पहिल्या दिवशी ती म्हणू शकली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. माझ्यावर डोकं टेकवूनच रडली. देवाजींचेही डोळे भरले. "माही चूक झाली बेटा," ते म्हणाले. "म्या लोकाईच्या भेवानं तुले भेव घातलं." चौथ्या-पाचव्या दिवशी ती शब्द उच्चारू लागली, पण दर वेळी मार्कर तिच्या घामाने निसटायचा. मी मनात दिवस मोजत होतो. अकरा उरले, नऊ उरले, सहा उरले. एवढ्या दिवसांत जन्माची सवय कशी मोडणार?

सिंधूताईंची भीती मात्र वेगळीच होती. त्यांना अणू हा शब्दच सोसवत नसे. एके दुपारी देवाजी पाळीवर असताना त्या पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वं दीप्ती, तिथं काही झालं, भट्टी-बिट्टी बिघडली, तर तू कुठं पळशीन?"

"पळाचं नसते आई. जो ड्यूटीवर असन त्यानं पंप चालू ठेवाचा असते."

"अन् पंप बंद पडला तर?"

"दुसरा असते. तिसरा असते."

"अन् तिसरा?"

दीप्तीने हातातला मार्कर खाली ठेवला. "मले नाही मालूम आई," ती म्हणाली. या वेळी शब्द अडकला नाही. पण त्यानंतर आई काही विचारायलाच धजेना. इतके दिवस मला दीप्ती नापास होईल याची धास्ती होती. त्या दुपारी ती पास होईल याचीही वाटू लागली.

निघायच्या दिवशी तिने ती खाली उतरत जाणारी वक्ररेषा पुन्हा एकदा काढली आणि म्हणाली, "हे पुसू नका." ती मुंबईच्या गाडीत बसली आणि मी भिंतीवर एकटा उरलो. मुलाखतीचा दिवस उजाडला. देवाजींनी रजा टाकली होती. दोन वाजून गेले तरी फोन नाही. मला दर थोड्या वेळाने गेल्या वर्षीसारखीच मुलाखत दिसायची. दुसराच एक फळा, त्याच्या कडेला बारीक आकडे, आणि पाच माणसं एकमेकांकडे पाहताहेत.

चार वाजता फोन आला. देवाजींनी तो स्पीकरवर ठेवला.

"झाली बाबा. पाऊण तास." तिचा आवाज दमलेला होता. "सगळं विचारलं. येत होतं ते सांगितलं. मग एकानं विचारलं, पंप कधी बंद करशीन? मी आकडा लिहिला बाबा."

देवाजींनी डोळे मिटले. सिंधूताईंनी भिंतीला हात टेकवला.

"मग मी थो हातानं पुसला. अन् म्हटलं, हा आकडा मी अंदाजानं लिहिला होता सर, मला माहीत नाही. कसा काढायचा ते सांगू शकते. मोजल्याशिवाय मी पंप बंद करणार नाही.  एकानं नुसतं काहीतरी लिहून घेतलं."

"कायले लिहिलं असन त्यानं?" सिंधूताई पुटपुटल्या. त्या प्रश्नावर आम्ही पुढे कितीतरी दिवस काढले.

निकाल आला. दीप्तीची निवड झाली. गल्लीतली माणसं पेढे खाऊन गेली, मुकुंद सरांनी देवाजींना मिठी मारली. मला कोणी विचारलं नाही, आणि तेच बरं झालं, मी काय बोललो असतो?

सगळे गेल्यावर सिंधूताई लेकीजवळ बसल्या. "खरं सांग वं. भेव वाटते का तुले?"

"हो आई. लय वाटते."

"मले बी," सिंधूताई म्हणाल्या आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. देवाजी दारातून ऐकत होते. त्यांनी ना धीर दिला, ना काही शिकवलं. नुसते येऊन दोघींच्या शेजारी बसले.

दीप्ती आता त्या संस्थेत प्रशिक्षण घेते आहे. माझ्यापुढे सध्या गल्लीतली चार मुलं पाढे लिहायला येतात. मित्रांनो, मला कोरड्या मऊ फडक्याने पुसा, थिनर लावू नका, एवढी काळजी घेतलीत तरी मी आणखी काही वर्षं टिकेन. पण माझी खरी विनवणी दुसरी आहे. तुमच्यासमोर कोणी अडखळून "मला येत नाही" म्हणालं, तर हसू नका. त्याला तसं म्हणता येण्यासाठी काय काय सोसावं लागलं, ते मी पाहिलं आहे. आणि कधी एखादी धगधगती भट्टी कोणाच्या हाती सोपवायची वेळ आली, तर ज्याला तिची भीती वाटते आणि तसं सांगता येतं, त्याच्याच हाती ती द्या.