पेटीमास्तरची उघडी गाडी

पन्नाशी ओलांडलेला, गाडी चालवून चालवून तळहाताला घट्टे पडलेला माणूस पुन्हा शिकाऊ म्हणून उभा राहिला की लोक हसतातच. पेटीमास्तरला हसायला तर यार्डात रांग लागायची. सगळी हयात त्यानं बंद ट्रेलर चालवला. मागे लोखंडी पेटी, पेटीत साबण नाहीतर बिस्किटं, दाराला सील. माल कुणी भरला, कसा भरला, ह्याच्याशी देणंघेणं नाही. आणि आता स्वारी फ्लॅटबेडवर आली! फ्लॅटबेड म्हणजे ना भिंती ना छप्पर, नुसता लांबलचक सपाट पाटा. त्यावर गर्डर ठेवा, यंत्र ठेवा, पाइप ठेवा, आणि साखळ्यांनी असं आवळा की गाडी खड्ड्यात आपटली तरी माल जागचा हलू नये. पेटीमास्तर हे नाव त्याला ह्या उघड्या गाडीवाल्यांनीच ठेवलं.

"कंबर धरते हो एका जागी बसून," तो सगळ्यांना सांगायचा. "ह्या कामात जरा हातपाय तरी हलतात."

थाप! शुद्ध थाप! खरं कारण फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर त्यांची लेक क्रेन चालवत होती, आणि पुलावर पेटीवाल्या गाडीचं काय काम?

लेक क्रेन शिकायला निघाली तेव्हा हा उंबऱ्यात आडवा उभा राहिला होता. "जा, जा. चार दिवसांत रडत येशील," म्हणाला. ती म्हणाली, "रडणारही नाही आणि येणारही नाही." हट्ट बापाचाच उतरलेला, त्यामुळे दोन्ही शब्द तिनं पाळले. त्याला किती वर्षं झाली. फोन यायचा तो आईला. हा शेजारी कान टवकारून बसायचा, आणि फोन ठेवला की अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचा, "काय म्हणत होती?"

"अहो, मग घ्या की फोन हातात," बायको म्हणायची.

"तिनं मागितला तर घेईन."

ती कशाला मागते! असे दोघं. मधल्यामध्ये त्या माऊलीचं डोकं उठायचं. पण रात्री दिवा मालवला की हा जागाच राहायचा. तिनं माफ नाही केलं तरी चालेल, घरी नाही आली तरी चालेल, काही काही नको. एकदा हाक मारावी. पूर्वी गाडीचा आवाज आला की गल्लीच्या टोकापासून मारायची, तशी एकदा "बाबा" म्हणून हाक मारावी, बस्स.

तर ह्यासाठी पेटीमास्तर साखळ्या आवळायला शिकला. शिकवणारा मुकादम त्याच्याहून निम्म्या वयाचा, पण जिभेला हाड नसलेला. "मास्तर, साखळी आहे ती, लोड-तक्क्या नव्हे, नुसते टेकू नका तिच्यावर. ओढा!" हा ओढायचा. हाताची सालटं निघाली, गुडघे बोलायला लागले. बंद पेटीत माल सरकला तर निदान भिंत होती. इथं मागे उघडं आभाळ, आणि आपला माल कुणाच्या तरी अंगावर पडेल ही धास्ती. त्या धास्तीपायी तो जिथं चार साखळ्या पुरतात तिथं आठ घालायचा. मुकादम कपाळाला हात लावायचा. "घाला, घाला. पण लक्षात ठेवा, बांधणाऱ्यानंच सोडायचं असतं. दुसरा कुणी तुमच्या साखळीला हात लावणार नाही."

आणि एकदाचा पुलाचा गर्डर वाट्याला आला. त्या दिवशी तर त्यानं कहरच केला. गर्डर दिसेनासा होईल इतक्या साखळ्या घातल्या. सकाळी दाढी घोटून केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पुलाच्या फाटकावर त्या शर्टावर नारिंगी जाकीट चढलं, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर मोठा चष्मा, धुळीसाठी तोंडाला फडकं. बायकोनंसुद्धा ओळखलं नसतं. झालं का आता! नटून आलेला बाप सगळा झाकला गेला.

क्रेन तर बघताना मान मोडावी इतकी उंच. वर काचेची एवढीशी खोली आणि आत हेल्मेटचा पिवळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आपली पोर! खाली उभा राहून क्रेनला इशारे देणारा एक तरुण होता, त्याच्या खांद्यावर वॉकीटॉकी. गड्यांनी क्रेनचे पट्टे गर्डरला अडकवले, आणि तो म्हणाला, "हं काका, सोडा साखळ्या."

एक सुटली, दुसरी सुटली. तिसरी गच्च बसलेली. तेवढ्यात खांद्यावरचा डबा खरखरला.

"अरे, त्या ड्रायव्हरकाकांना विचार, गर्डर आणलाय की पळून गेलेला बैल?"

तिचाच आवाज. थोडा घोगरा झालेला, पण तिचाच. काका म्हणाली! तरी त्याला वाटलं, बोल बाई, काय वाट्टेल ते बोल. तिसरी साखळी त्याला पटकन सोडता आली असती. त्यानं ती हळू सोडली.

"काका जेवायला बसलेत का रे?" डबा पुन्हा खरखरला. "इथं वारा वाढतोय. ह्यांना गाठी मारायला कुणी शिकवलं? आणि त्या सुटलेल्या साखळ्या पायात कशाला ठेवल्यात? अडखळून पडतील ना! बाजूला कर म्हणावं."

त्यानं निमूटपणे साखळ्या बाजूला केल्या. एकेक नीट गुंडाळून केल्या, वेळ काढत. मोठा लबाड! चौथीला तर तो नुसताच हात लावून उभा राहिला, मुद्दाम.

इशारेवाला वैतागून म्हणाला, "आटपा हो काका! आणि ताईंचं मनावर घेऊ नका. एरवी दिवसभरात हो-नाहीपलीकडे शब्द काढत नाहीत. आज काय झालंय त्यांना, देव जाणे."

शेवटी राहिली एक साखळी. ती सुटली की गर्डर वर जाणार, गाडी रिकामी होणार आणि रिकाम्या गाडीला तिथं कुणी उभं करू देत नाही. म्हणजे संपलं. कितीतरी दिवस राबलो ते एवढ्यासाठीच का, असं त्याला झालं. पण किती वेळ काढणार? वर वारा वाढत होता आणि पोर त्या वाऱ्यात बसली होती. त्यानं डोळे मिटून खटका दाबला. साखळी खळकन पाट्यावर पडली. तो मागे सरला.

"उचला ताई," इशारेवाला म्हणाला.

गर्डर हलेना.

"ताई, ऐकताय ना? उचला."

"बाबांना अजून मागे घे."

"कुणाच्या बाबांना?"

"तुझ्यासमोर उभे आहेत ना ते, त्यांना. गाडीतून उतरले तेव्हाच चालण्यावरून ओळखलं मी. घे मागे. त्यांच्या डोक्यावरून मी काही नेणार नाही."

इशारेवाल्याचा आ वासलेला. पेटीमास्तरचे पाय जमिनीला खिळले होते. त्या पोरानं दंडाला धरून त्याला मागे ओढलं. मग गर्डर पाट्यावरून अलगद सुटला आणि वर जायला लागला. इतकं जड धूड, पण काडीचा हिसका नाही. काय हात आहे पोरीचा, त्याला वाटलं, आणि डोळे भरून आले. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. डबा त्याच्याजवळ नव्हता, तोंडावर फडकं होतं. त्यानं आपला हात उंच केला.

कामावर खाली कुणीही हात वर केला की क्रेन जागच्या जागी थांबवायची, असा नियम असतो. हे पेटीवाल्याला कुठून ठाऊक असणार? गर्डर हवेत थबकला. गडी ओरडायला लागले.

आणि डबा किंचाळला, इशारेवाल्यावर नव्हे, सरळ त्याच्यावरच.

"बाबा! अहो बाबा, हात खाली घ्या!"

त्यानं ऐकलं. चांगलं स्पष्ट ऐकलं. आणि हात तसाच वर ठेवला.