सुई पुढे बदलता येते

दर गुरुवारी सहाच्या सुमाराला अण्णा दोन रेकॉर्डी पिशवीत घालत आणि बाणेरला धाकट्या सुनेकडे, श्रद्धाकडे जात. रात्री परत येत तेव्हा पिशवी रिकामी असे.

"रेकॉर्डी कुठायत, अण्णा?" थोरली सून पूर्णिमा विचारी.

"राहू दिल्या तिकडेच. काय मशीन आहे गं तिच्याकडे! तबल्यावरचं बोटन्‌बोट ऐकू येतं."

पूर्णिमा ताट वाढत राही. अण्णांची पथ्याची भाजी, गोळ्या, पाय चेपणं, सगळं हिने करायचं. आणि कौतुक कुणाचं? तर आठवड्यातून एकदा चहा देणाऱ्या श्रद्धाचं! मागच्या गुरुवारी तर अण्णा सहज बोलून गेले, "दिवाळीनंतर तिकडेच राहावं म्हणतो." त्या दिवशी जपाची माळ तिने दोनदा सोडून पुन्हा धरली. मणी पुढे सरकत होते, मन बाणेरलाच होतं.

घरचा जुना प्लेअर कधीच बंद पडला होता. भिशी लागली तशी ती नवऱ्याला, शंभूला घेऊन कॅम्पातल्या तालिबभाईंच्या दुकानात गेली.

"अण्णांचं निमित्त," शंभू जिन्यातच म्हणाला. "तुला श्रद्धाची जिरवायचीय."

"तुम्ही पिशवी धरा."

तालिबभाईंनी दोन यंत्रं पुढे ठेवली. एक लाल, सूटकेससारखं, स्पीकर आतच. दुसरं काळं, साधं, दिसायला अगदीच गरीब.

"लाल घ्या, उद्यापासून वाजवा. पण त्यात पुढे काही करता येत नाही. काळ्याची सुई पुढे चांगली बसवता येते. आत्ता आतला ॲम्प्लिफायर वापरा, नंतर बाहेरचा जोडा. स्पीकर लहानच देतो, तेही बदलता येतील."

"बदलत बदलत गेलं तर... बाणेरच्यासारखं वाजेल?"

"बाणेरचं कुठलं, ताई?"

"कुठलंच नाही. सहज विचारलं."

शंभू छताकडे बघत राहिला. लाल पेटी तिच्या मनात भरली होती. दारात ठेवली तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात भरली असती. पण श्रद्धाच्या पुढे जायचं तर वाढणारं यंत्रच हवं. तिने काळं घेतलं.

गुरुवारी तिने यंत्राला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. उरलेल्या रेकॉर्डी शेजारी रचल्या. अण्णांनी सगळं पाहिलं, "छान आहे हो," म्हणाले आणि चपला पायात सरकवू लागले.

"अहो अण्णा, आता घरातच आहे ना!"

"आहे की. पण तुझी पोथी सुरू होईल ना आता? दिवेलागणीपासून घरात चमचा वाजलेला चालत नाही तुला. आणि मला ऐकावंसं वाटतं ते याच वेळी. म्हणून तर जातो."

इतके दिवस पूर्णिमा श्रद्धाच्या यंत्राला बोल लावत होती. तापातसुद्धा तिने पोथीची वेळ चुकवली नव्हती. देव्हाऱ्यात पोथी वाट पाहत होती, दारात अण्णा.

"पोथी पहाटे वाचेन यापुढे," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

हे अण्णांसाठी की श्रद्धावर मात करायला, हे देवाला विचारायची मात्र तिला हिंमत झाली नाही.

अण्णांनी चपला काढल्या. रेकॉर्ड फिरू लागली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज जरा बारीक आहे."

"सुई पुढे बदलता येते. मग स्पीकर. मग ॲम्प्लिफायर."

"हे सगळं व्हायला किती वर्षं?"

"लागतील चार-पाच. भिशीवरच आहे सगळं."

"मग थांबायला हवं मला इथेच," अण्णा म्हणाले. "अर्धवट सोडून कसा जाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात अण्णा पुढे म्हणाले, "स्पीकर घेताना श्रद्धाला विचार हं. तिला फार कळतं त्यातलं."

"मलाही कळतं," पूर्णिमा म्हणाली आणि ताडकन रेकॉर्ड उलटी करायला उठली. अजून पहिली बाजू संपली नव्हती.