पहिली ओळ

मित्रांनो, मी फळा आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कधी कोणी पाढे लिहिले नाहीत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, कटिंग मशीनशेजारच्या भिंतीवर मी तेवीस वर्षे टांगलेला आहे. कागद ज्या लाकडी खोक्यातून आले, त्याच्याच फळ्या ठोकून आणि काळा रंग देऊन मास्तरांनी मला घडवले.

मास्तर तिथले प्रमुख. त्यांचा एकच नियम होता. रोज सकाळी माझ्यावर आदल्या दिवशीच्या चुका लिहायच्या आणि पहिली ओळ मास्तरांची. 'काल मी दोनशे पुस्तकांना पुठ्ठे उलटे लावले. चष्मा घरी विसरलो होतो.' हशा पिकायचा. मग बाकीचे निर्धास्तपणे खडू उचलायचे.

पुढे हाताने चालवायचे कटिंग मशीन गेले आणि बटणांचे आले. सगळ्यांचे चेहरे उतरले. त्या सकाळी मास्तरांनी लिहिले, 'मला हे मशीन येत नाही. ज्याला आधी समजेल त्याने मला शिकवावे.' शिलाई करणाऱ्या आक्कांना आधी समजले. अठ्ठावन्न वर्षांचे मास्तर त्यांच्यापुढे स्टुलावर बसले.

"मास्तर, पातं खाली येताना डोळे मिटायचे नाहीत!"

"मी कुठे मिटतोय आक्का, ते आपणहून मिटतात!"

गेल्या हिवाळ्यात मास्तर वारले. त्यांचा ॲप्रन खुंटीवरच राहिला.

नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ओल्या फडक्याने पुसले आणि ठळक अक्षरांत लिहिले, 'चूक करणाऱ्याचे नाव येथे लागेल.' नावे लिहिणार ते स्वतः. मित्रांनो, माझ्यावर आजवर चुका लिहिल्या गेल्या होत्या. माणसे टांगायला मी काय खुंटी आहे?

त्याच सुमारास मशीन बिघडले. एकदा बटण दाबले तरी पाते कधीकधी दोनदा खाली येई. एका कामगाराने तसे सांगितले. साहेबांनी त्याचेच नाव लिहिले : 'मशीन नीट हाताळत नाही.' त्यानंतर सगळ्यांची तोंडे बंद झाली. पाते प्रत्येकाने पाहिले होते आणि प्रत्येक जण भिंतीकडे बघत होता. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, पाते दुसऱ्यांदा खाली आले आणि आक्कांच्या उजव्या हाताच्या बोटाचे पेर गेले. मशीनवरचे रक्त पुसण्याआधी साहेबांनी खडू उचलला : 'आक्का. निष्काळजीपणा.'

चार दिवसांनी मास्तरांची मुलगी ॲप्रन न्यायला आली. साहेब अदबीने म्हणाले, "ताई, हा जुना फळाही घेऊन जा. वडिलांची आठवण."

तिने माझ्यावरचे नाव वाचले. मग ॲप्रनच्या खिशात राहिलेला खडूचा तुकडा काढून तिने माझ्या पट्टीवर ठेवला.

"आठवणीला ॲप्रन पुरे. हा कामाचा आहे. इथेच राहू दे."

आक्का कामावर परतल्या, तेव्हा त्यांनी तोच तुकडा उचलला. स्वतःचे नाव पुसले, पहिली ओळ मोकळी सोडली आणि डाव्या हाताने वेडेवाकडे लिहिले : 'पाते दोनदा खाली येते. मला ठाऊक होते. मी बोलले नाही.'

"हे काय चाललंय?" साहेब धावत आले.

"चुका लिहितेय, साहेब. वरची ओळ तुमची."

आक्कांच्या मागे एकेक जण येऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत पहिली ओळ सोडली तर माझ्यावर बोटभर जागा उरली नाही. मशीन बंद झाले, दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. यासाठी एका बाईच्या बोटाचे पेर जावे लागले, याचा माझा राग अजून उतरलेला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी वर्गाचा प्रमुख होईल, कोणी संघाची कप्तान होईल. सगळे बदलेल आणि तुम्हाला काहीच येत नाही असे वाटेल. तेव्हा खडू दुसऱ्याच्या नावासाठी उचलू नका. तेवढे सांगायलाच मी बोललो.

माझी पहिली ओळ अजून मोकळी आहे. साहेब रोज सकाळी माझ्यासमोरून खाली मान घालून जातात. खडू तिथेच आहे.