अर्ज मिळाला

ऑफिसात त्याला पाठीमागे सगळे दीडशहाणा म्हणत, आणि ज्याने हे नाव ठेवलं त्याला बक्षीसच द्यायला हवं. वेबसाइट बनवणारे जगात पैशाला पासरी. पण दुसऱ्यांच्या वेबसाइट उघडून नाक मुरडणं हा मुख्य धंदा आणि स्वतः बनवणं हा जोडधंदा, असा हा एकच. वापरणारे लोक तर त्याच्या लेखी निव्वळ ढ. "बटण सापडत नाही म्हणतात. डोळे काय भाड्याने दिलेत?"

सरकारी रुग्णालयातल्या नर्सभरतीचा अर्ज त्यानेच बनवला होता. साहेबांना दाखवायच्या दिवशी ऐनवेळी अर्ज साठेनात आणि पडद्यावर लाल अक्षरं झळकू लागली. साहेब चिडले. दीडशहाण्याने पाच मिनिटांत जालीम उपाय केला: अर्ज साठो न साठो, पडद्यावर हिरवी खूण आणि 'अर्ज मिळाला' एवढंच यायचं. साहेब खूश. त्यासाठी प्रोग्राममध्ये घुसडलेल्या चार ओळी नंतर काढायच्या होत्या. त्या तशाच जगासमोर गेल्या. वेबसाइटची चाचणी घेणाऱ्या ऑफिसातल्या बाईंनी दोनदा विचारलं होतं, "अर्ज साठला नाही तर काय दिसतं?"

"तुम्ही बटणं दाबा हो, विचार आम्ही करतो," म्हणून त्याने त्यांना वाटेला लावलं.

त्याची थोरली बहीणही त्याच भरतीचा अर्ज भरत होती. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष; यंदा हुकलं की कायमचं हुकलं. शेवटच्या दिवशी दुपारी तिने फोन केला.

"अरे, हिरवी खूण आली, पण अर्जाचा नंबर नाही आला. परत भरू का?"

"ताई, हिरवं दिसलं ना? मग झालं. दहादा भरणारे तुमच्यासारखे लोकच साइट बंद पाडतात."

ताईने परत भरला नाही.

अर्जदारांची यादी लागली तेव्हा आपलं नावच नाही अशी चारशे अकरा जणींनी तक्रार केली, त्यात ताईही होती. दीडशहाण्याने प्रोग्रामची फाइल उघडली. त्या चार ओळी समोरच होत्या आणि शेजारी त्याचंच नाव, तारखेसकट. त्याने त्या गुपचूप पुसल्या.

साहेबांनी विचारलं, "दोष आपला असेल तर सगळ्यांना नव्याने मुदत द्यावी लागेल, आणि आपलं काम जाईल. आहे का दोष?"

त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेला ऑफिसात कोण विचारतो? "नाही," तो म्हणाला, आणि मागाहून खुलासाही त्यानेच लिहिला: यंत्रणा निर्दोष आहे, अर्जदारांनी माहिती अपुरी भरली.

संध्याकाळी घरी ताई तो खुलासा मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाचत बसली होती.

"माझा कुठला रकाना राहिला असेल रे? मी तर सगळे भरले होते. पण तुम्ही तपासूनच लिहिलं असणार."

"घाईत भरलं की होतं असं," तो चपला काढत म्हणाला.

ताईने मान डोलावली. मग अर्जाच्या शेवटच्या दिवशी कामाच्या वेळेत फोन करून त्याला त्रास दिला, म्हणून तिने त्याची माफी मागितली.