पाणी इस्त्रीला, आणि ताईला?

मित्रांनो, इकडे, खिडकीकडे बघा! लांब मानेची, पोट सुटलेली, गळ्याजवळ टवका उडालेली जुनी सुरई दिसते ना, ती मी. मातीची असले म्हणून मला गरीब समजू नका. माझ्या पोटात पाणी आहे आणि तोंडात जीभही आहे.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावर झाला. माझी मान वर ओढताना मी दोनदा वाकडी झाले, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "सरळ उभी राहा गं बाई, माझा अंत पाहू नकोस!" राहिले बापडी. मग भट्टीत भाजून निघाले. पहिल्यांदा पाणी भरलं आणि माझ्या अंगाला घाम फुटला, तसा कुंभार खूश झाला. सुरई पाझरते म्हणूनच आतलं पाणी गार होतं. तो माझा गुण, पण पुढे तोच माझ्या मुळावर आला.

मला विकत घेतलं एका शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा कारखाना होता आणि तिथे लग्नाचे रेशमी पोशाख शिवले जात. रेशमाला पाण्याचं भारी वावडं. थेंब पडला की डाग, आणि डाग पडला की सगळी मेहनत पाण्यात. मास्तरांनी माझं ओलं अंग पाहिलं मात्र, ते ओरडले, "ही बया आत नको!" झालं, माझी रवानगी बाहेर जिन्याजवळच्या तिवईवर.

तिथला रिवाजच तसा होता. एकदा रेशीम मांडीवर घेतलं की उठायचं नाही. पाणी प्यायचं म्हणजे कापडाची घडी घाला, बाहेर या, हात कोरडे करा, बोटांना खडूची पूड लावा, पुन्हा टाका शोधा. एवढा खटाटोप कोण करणार? दुपारी डब्याबरोबर घोटभर पाणी घेतलं तर घेतलं. आणि वर त्याचा केवढा तोरा! "आमच्याकडे दिवसभर कुणाचा हात ओला होत नाही," असं मास्तर गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत सांगत.

मग माझं पाणी जायचं कुठे? इस्त्रीच्या पोटात! ती वाफेची इस्त्री होती. तिचं पाणी संपायच्या आत मास्तर स्वतः बाहेर येऊन ती भरून नेत. मला असा राग यायचा म्हणून सांगू! त्या लोखंडी ठोकळ्याचे एवढे लाड, आणि आत जिवंत माणसं सुकलेल्या ओठांनी बसलेली.

त्यांच्यात मास्तरांची धाकटी बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत. हाताचा बारीक टाका घालावा तर तो ताईनेच. त्या वर्षी तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं. "तिचा पोशाख मी माझ्या हातांनी शिवणार, कुणी मशीनला हात लावायचा नाही," असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

पण दुपार झाली की ताईचं डोकं ठणकायचं. डोळे चुरचुरायचे, सुईचं भोक दिसेनासं व्हायचं, टाके तिरके जायचे. चष्मा बदलून झाला, काही फरक नाही. एके दिवशी ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसून रडू लागली.

मास्तर इस्त्री भरायला आले होते. ते म्हणाले, "पोशाख मशीनवर घेऊ या का? उगाच जिवाला त्रास नको."

"दादा, डोळे गेले रे माझे," ताई म्हणाली. "लेकीचंच काम माझ्या हातून होणार नाही."

मास्तरांनी इस्त्री भरली आणि ते आत गेले. मी पाण्याने भरलेली तिच्या हाताशी उभी होते, पण पेलाभर पाणी प्यावं असं काही तिच्या मनात आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

शेवटी लेकीने तिला बळेच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत येताना दोघी जिन्यात बोलत होत्या.

"बघ, डोळे ठणठणीत आहेत म्हणाल्या की नाही?" लेक म्हणाली. "अंगात पाणीच नाही तुझ्या! लघवीला जळजळ होते, तेही कधी सांगितलं नाहीस."

"आता असलं काय सांगायचं? आणि आठ पेले पाणी प्यायचं कसं गं?"

"साधारण सहा ते आठ म्हणाल्या, आई. उन्हाळ्यात, घाम गाळणाऱ्याला जास्त. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय, गडद झाली की कमी पडतंय. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच प्यायचं."

दुसऱ्या दिवशी ताईने काय करावं? कामाला बसायच्या आधी मला उचललं आणि पेल्यावर पेले रिचवत पार रिकामं केलं. "एकदाच उरकून टाकते, म्हणजे मधे उठायला नको!" अगं बाई, पाणी म्हणजे काय उसवलेली शिवण आहे, एका दमात उरकायला? तिचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं, मळमळायला लागलं आणि सकाळभर संडासच्या फेऱ्या. दुपारी डोकं होतं तसंच ठणकत राहिलं.

मास्तर चिडले. "म्हणून सांगतो, ही पाण्याची थेरं इथे नकोत!"

ताई त्यांच्या मागोमाग जिन्याशी आली. ते इस्त्री भरत होते.

"दादा, हिला सकाळी एकदाच पाणी घालून दिवसभर का नाही चालवत?"

"वेडी आहेस का? मावेल तेवढंच मावणार. संपेल तसं घालावं लागतं."

"आणि नाही घातलं तर?"

"कापड करपेल!"

"मग मलाही तसंच लागेल ना, थोडं थोडं?" ताई म्हणाली. मास्तरांचा हात माझ्या मानेवर तसाच थांबला. मग ते म्हणाले, "चल आत. आणि हिलाही घे."

हिला म्हणजे मला! खाली खोल थाळी, थाळीत जाड फडकं, अशा थाटात मला खिडकीपाशी बसवलं. नवा रिवाज ठरला. इस्त्रीत पाणी भरलं की सगळ्यांनी कापड बाजूला ठेवायचं, पेलाभर पाणी सावकाश प्यायचं, हात पुसायचे आणि मगच कामाला लागायचं. काही दिवसांतच ताईचं दुपारचं डोकं ठणकणं थांबलं. दोरा पहिल्या फटक्यात सुईत गेला, तेव्हा ती लहान मुलीसारखी ओरडली, "दादा, गेला रे!"

पोशाख लग्नाच्या आदल्या दिवशी पुरा झाला. शेवटचा टाका घातल्यावर आनंदाच्या भरात ताईने पोशाख मांडीवर असतानाच पेला उचलला आणि टप्पकन एक थेंब रेशमावर पडला. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मला वाटलं, झालं! आता पुन्हा जिना!

मास्तर उठून आले. पोशाख हातात घेऊन त्यांनी तो डाग निरखून पाहिला. डाग आतल्या काठाला होता, मसुरीएवढा.

"असू दे," ते म्हणाले. "लेकीला सांग, आईने पाणी पिऊन शिवलाय." आणि त्यांनी स्वतः पेला पुन्हा भरून ताईच्या हातात दिला.

मित्रांनो, आता माझं अंग पूर्वीसारखं पाझरत नाही, पाणीही तेवढं गार होत नाही. तरी मला रोज घासतात, रोज भरतात. तुमचीही कामं असतील, अभ्यास असेल, खेळ असेल. एवढं पान संपलं की पितो, एवढा डाव झाला की पितो, असं म्हणत बसू नका. आत्ता उठा, पेलाभर पाणी प्या. आणि घरात कुणी सकाळपासून कामात मान घालून बसलं असेल, तर त्यांनाही नेऊन द्या.