रविवारची चूक

काकूंना इंग्रजी शिकायचं होतं ते कुणावर छाप पाडायला नव्हे. त्यांना बसायचं होतं. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपुढे वर्षानुवर्षं उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या, आणि पुढे काउंटरमागे एक उंच स्टूल होतं. त्यावर बसणारी मुलगी लग्न ठरलं की जायची होती. लॉन्ड्रीत येणारं गिऱ्हाईक दहा भाषांचं, सगळ्यांना समजणारी तेवढी इंग्रजी. मालकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की काकू, चार वाक्यं नीट बोलता येऊ द्या, स्टूल तुमचं.

घरातच इंग्रजी शिकवणारी होती. सूनबाई. ती फोनवर व्हिडिओ करून लोकांना रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी शिकवायची आणि दर रविवारी घरी पाव भाजायची. म्हणाली, आई, पुस्तकबिस्तक काही नको, पिठात हात घाला आणि हाताबरोबर तोंड चालवा. खोटं कशाला बोला, शिकवायची झकास. पाणी ओतताना ‘अ लिटल मोअर’. पुरे झालं की ‘दॅट्स इनफ’. ओव्हनचं दार उघडलं की ‘बी केअरफुल, इट्स हॉट’. सुरी खुपसून पाहिली आणि पाव आत ओला निघाला तर ‘इट्स नॉट रेडी यट’. जे शब्द पावाला लागतात तेच लॉन्ड्रीला लागतात, हे काकूंच्या पहिल्या दिवशीच ध्यानात आलं. सोमवारी इस्त्री फिरवताना त्या शर्टाला सांगायच्या, इट्स नॉट रेडी यट. शर्ट कधी हसला नाही. हसायचं काम पुढे माणसांनी केलं.

झालं असं, की पहिल्याच रविवारी ओल्या फडक्याखालचं पीठ फुगून पातेल्याच्या काठाशी आलं आणि सुनेनं विचारलं, काय झालं ते इंग्रजीत सांगा. पीठ वर आलं, एवढंच काकूंना सांगायचं होतं. ‘वर’चा इंग्रजी शब्द त्यांना आयुष्यात एकदाच भेटला होता, दवाखान्याच्या जिन्यापाशी. त्या मोठ्या हौसेनं म्हणाल्या, “डो केम अपस्टेअर्स.”

सून हसून हसून ओट्याला टेकली. मग अर्थ सांगितला, तशा काकूही डोळे पुसेपर्यंत हसल्या. पीठ जिना चढून माडीवर आलं म्हटल्यावर हसू येणारच. फोन चालू होता, चूक त्यात टिपली गेली होती. लोकांना दाखवू का, असं सुनेनं विचारलं. काकू म्हणाल्या, दाखव की. आठवड्याभरात बघणारे लाखावर गेले.

पुढच्या रविवारी काकू बरोबर बोलल्या. ‘द डो हॅज राइझन.’ उच्चारसुद्धा स्वच्छ. तो व्हिडिओ कुणी बघितला नाही. त्याच्या पुढचाही नाही. तेव्हा सून जवळ येऊन बसली, गळ्यात पडली. आई, परत एकदा अपस्टेअर्स म्हणा ना, लोकांना तुम्ही तशाच आवडता.

काय मागितलं ते नीट बघा. शिकवणारी शिकणारीला सांगतेय की तू शिकलीस हे कुणाला कळू देऊ नकोस. काकूंचा पोरगा बाजूलाच सोफ्यावर पसरला होता. तो म्हणाला, आई, तू स्टार झालीयेस, भाव नको खाऊ. काकूंनी मान डोलावली. घरातल्यांचं चाललंय तर चालू दे, आपलं काय जातंय, असं त्यांना वाटलं. बायकांना हे ‘आपलं काय जातंय’ कुठून सुचतं कोण जाणे. सगळं त्यांचंच जात असतं.

मग सुरूच झालं. आठवडाभर सून डोकं लढवून नवी चूक काढायची आणि काकू ती पाठ करायच्या. यीस्टला नवरा म्हणायचं, पावाला गुड मॉर्निंग म्हणायचं, आणि शेवटी अपस्टेअर्स. डोळे मोठे करायचे, तोंड बावळट करायचं. पहिल्यांदा नीट नाही जमलं तर सून म्हणायची, आई, जरा कमी कळल्यासारखं करा. एका बाईला दोन-दोन इंग्रज्या पाठ करायला लावल्या होत्या, एक खरी आणि एक खोटी. तालीम व्हायची ती खोटीची.

आणि काउंटरवरच्या मुलीचं लग्न ठरलं.

काकू केस नीट विंचरून मालकांपुढे उभ्या राहिल्या. मालकांनी खुर्ची दिली नाही, फोन पुढे केला. त्यात काकूच होत्या, नाकाला मैदा लावून. मालक हसत म्हणाले, “काकू, आमचं निम्मं गिऱ्हाईक तुमचं फॅन आहे. तुम्हाला पुढे बसवलं तर लोक कपडे द्यायचे सोडून तुम्हाला बोलायला लावतील. आणि एखाद्याला तारीख सांगताना असा घोळ घातलात तर? त्यापेक्षा मागेच बऱ्या तुम्ही. गुरुवारपासून नवी पोरगी येतेय.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी ते दाखवलं नाही, इंग्रजीतच बोलल्या. सावकाश, एकही शब्द न अडखळता सांगितलं की मला हे काम येतं, मी शिकले आहे, एक संधी द्या. मालकांनी मन लावून ऐकलं आणि हसत टाळ्या वाजवल्या. “काय गोड बोलता हो.”

चुकीला हसले त्याचं काकूंना कधी वाईट वाटलं नव्हतं. आज बरोबर बोलल्या त्यालाही हसले. दिवसभर त्यांनी इस्त्री इतकी दाबली की दोन कॉलरींवर पिवळे डाग उठले.

रविवार आला. सुनेनं पीठ मळून फडक्याखाली ठेवलं, फोन स्टँडवर चढवला, या आठवड्याची चूक सांगितली. काकू ओट्याशी गेल्याच नाहीत. त्यांनी स्टँड उचलला आणि सुनेच्या तोंडासमोर ठेवला.

“आज तू बोल. इंग्रजीतच. यांना हे सगळे शब्द येतात, चुकीचं बोलायला मी यांना सांगितलं. एवढंच बोलायचंय.”

सुनेला आधी थट्टा वाटली. मग नाही वाटली. पोरगा सोफ्यावरून उठला आणि म्हणाला, “आई, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?”

“चव्हाट्यावर इतके दिवस मी बसलेय. तू नव्हतास बसलेला. खाली बस.”

तो बसला. सुनेनं घसा साफ केला. जिच्या तोंडात अख्खी इंग्रजी भाषा, तिला दोन वाक्यं जुळवता येईनात. पहिल्यांदा ती म्हणाली की ही सगळी गंमत होती, आणि आमच्या आई म्हणजे किती खेळकर.

“इट्स नॉट रेडी यट,” काकू म्हणाल्या. “परत.”

दुसऱ्यांदा ती म्हणाली की आम्ही सगळ्यांनी मिळून असं ठरवलं होतं.

“‘आम्ही’ नाही. ‘मी’ म्हण. ठरवलंस तू. परत.”

“अहो आई, लोक मला काय म्हणतील?”

“मला जे म्हणतात त्याहून बरंच म्हणतील.”

तिसऱ्यांदा ती बोलली. नाकाचा शेंडा लाल, डोळे भरलेले, पण शब्दन् शब्द होता तसा. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. एरवी फिरवला असता, हात तसा सवयीनं उचललाही होता. “दॅट्स इनफ,” म्हणाल्या आणि फोन बंद केला. पातेल्यातलं पीठ काठावरून ओघळून ओट्यावर सांडलं होतं. ते कुठवर आलं, हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही.

तो व्हिडिओ संध्याकाळी लोकांपुढे गेला, आणि बघितला फारच थोड्यांनी. ज्यांनी बघितला त्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की म्हातारीनं मजा घालवली. घ्या. एका बाईला अक्कल आहे हे कळलं आणि यांची मजा गेली.

मंगळवारी दुपारी लॉन्ड्रीत काउंटरवर कुणी नव्हतं. जुनी मुलगी गेली होती, नवी यायची होती, मालक मागे यंत्रवाल्याशी हुज्जत घालत होते. पुढची घंटा वाजली. परत वाजली. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली, पुढे गेल्या आणि स्टुलावर बसल्या.

समोर एक तरणा माणूस. काकूंना बघून त्याचा चेहरा खुलला. त्यानं बोट छताकडे केलं आणि भुवया उडवल्या. “अपस्टेअर्स?”

“युअर नेम, प्लीज.”

तो हसला, रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईकडे वळून बघितलं, पुन्हा बोट वर केलं. म्हणा ना, एकदाच. तोवर मालक आतून येऊन दारात उभे राहिले होते. काकूंना ते कळलं. पूर्वी अशा वेळी तोंड आपोआप बावळट व्हायचं, गाल तसे हललेही. त्यांनी ते जागेवर आणले.

“युअर नेम, प्लीज.”

आवाज चढला नव्हता. पण मागची बाई हसायची थांबली. माणसाचं बोट हळूहळू खाली आलं आणि त्यानं नाव सांगितलं. काकूंनी चिठ्ठी शोधली. त्याचा कोट मागेच टांगलेला होता, अजून चुरगळलेला.

“इट्स नॉट रेडी यट. कम बॅक ॲट फोर.”

“थँक यू,” तो म्हणाला आणि गेला. काकूंनी मागच्या बाईला पुढे यायची खूण केली.

मालक जवळ आले. आधी काकूंकडे, मग स्टुलाकडे बघितलं.

“निळा कोट आहे, मालक,” काकू न उठता म्हणाल्या. “इस्त्री तापलेलीच आहे. तेवढा करून घ्या, चारला येतोय तो.”