बत्तीस म्हाताऱ्यांची फाईल

टेंभुर्णीचे राजानंद गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांनी एकच काम हाती घेतलं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या बत्तीस म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांनी वह्यांत उतरवलं, मग घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. सहा वर्षं गेली त्यात. वह्यांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. फाईल होती ना. म्हातारी माणसं एकेक करून गेली.

यंदा तो कॉम्प्युटरही बसला. फाईल आणि तिचा फॉन्ट ठेवलेला पेनड्राईव्ह लेकीच्या नव्या लॅपटॉपला लावला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खच. सॉफ्टवेअरनं फाईल साध्या मजकुरात सेव्ह करू का, असं विचारलं. दुरुस्त होईल म्हणून गुरुजींनी 'हो' दाबलं. काहीच दुरुस्त झालं नाही.

जालन्यात शिवकन्याचं डीटीपीचं दुकान होतं. तिनं पेनड्राईव्हवरचा फॉन्ट चढवून पाहिला.

"गुरुजी, लई जुन्या जातीचा फॉन्ट हाय. नवं सॉफ्टवेअर त्याला घेतच न्हाई."

"मंग?"

"माझं जुनं मशीन लावून बघू."

जुन्या मशीनवर फॉन्ट बरोबर चढला. पडद्यावर मराठी उमटलं तसे गुरुजी खुर्चीतून उठलेच. पण दर शब्दात एकदोन प्रश्नचिन्हं होती. शिवकन्या पानं खाली सरकवत गेली. सगळीकडे तेच.

"ही फाईल नव्यानं सेव्ह केल्ती का कुणी?"

"मीच. हो म्हणलो मी."

"या फॉन्टची निम्मी अक्षरं साध्या मजकुरात टिकत न्हाईत. ती सगळी उडाली. कोणतं प्रश्नचिन्ह कशाच्या जागी हाय, ते आता कळायचं न्हाई. मूळ फाईल?"

"तीच व्हती."

शिवकन्यानं उरल्या मजकुराची पानं छापून दिली. तिनं पैसेही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदा गावच्या विहारात गुरुजींची वाट पाहत होती. तिच्या मायचं बोलणं त्या फाईलीत होतं.

"वाचा ना गुरुजी."

गुरुजींनी तिच्या मायचा कागद धरला, पहिले शब्द अंदाजानं लावले. "'माझ्या बापानं त्या दिवशी...'" पुढच्या अर्धवट अक्षरांचा अंदाजही लागेना.

"पुढं?"

"गेलं पुढचं."

"तुमाला तर तोंडपाठ असंल. तुमीच लिव्हलंय."

त्यांनी आठवून पाहिलं. म्हातारीचं खोकणं आठवलं, तिनं दिलेला चहा आठवला. शब्द एकही आठवेना. मनचं काही जोडून सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण जीभ रेटली नाही.

बेबीनंदानं कागद मागून घेतला, त्या प्रश्नचिन्हांवरून बोट फिरवत राहिली आणि तो घडी करून घेऊन गेली.